मामांना म्हातारं करताना

सावली या आमच्या तालुक्याच्या गावी बस स्टँडसमोर माझा फोटो स्टुडिओ आहे. त्याच्या काचेवर लाल अक्षरांत एक पाटी आहे : ‘मोबाईलमधील फोटोंची प्रिंट काढून मिळणार नाही.’ आलेलं गिऱ्हाईक परत पाठवायला पाटी लावणारे तालुक्यात तुम्हीच एक, असं बायको म्हणते. पण पाटी लावली तेव्हा माझं मत ठाम होतं. फोटो म्हणजे कॅमेऱ्यानं काढलेला, बाकी सगळा टाइमपास. हे मत मी कोणी विचारलं नाही तरी सांगायचो. लग्नात नवरीच्या मावश्या मोबाईल घेऊन माझ्यापुढे घुसल्या की मी असा ओरडायचो की अंतरपाट धरणारेही दचकायचे. फोटोग्राफरांच्या एका बैठकीत मी मोबाईलविरुद्ध चांगला अर्धा तास बोललो. टाळ्या पडल्या. त्या टाळ्यांचा व्हिडिओ मी खिशातल्या मोबाईलवर काढून घेतला, ते कोणाच्या लक्षात आलं नाही.

आता लपवून काय करायचं? मला मोबाईलचा नाद लागला आहे आणि तो सुटेल अशी काही चिन्हं नाहीत.

सुरुवात नागभीडच्या स्टेशनवर झाली. एका लग्नाचं काम आटोपून मी परतीच्या गाडीची वाट बघत बसलो होतो. कॅमेऱ्याच्या दोन्ही बॅटऱ्या संपलेल्या. समोर फलाटावर एक हातगाडी उभी होती आणि तिच्यावर ऊन असं झकास तिरपं पडलं होतं की हात शिवशिवायला लागले. नाइलाजानं मोबाईलवर टिपलं. गाडीखाली नुसता काळा अंधार आला. मग नव्या मोबाईलमध्ये काय काय आहे ते चाळताना एक पट्टी दिसली, सावली उजळायची. ती बोटानं उजवीकडे सरकवली, आणि त्या अंधारातून हळूहळू एक कुत्रं वर आलं. पाय ताणून झोपलेलं. मी ते पाहिलंसुद्धा नव्हतं! रिळाच्या काळात एवढ्यासाठी आम्ही लाल दिव्याच्या खोलीत, औषधाच्या उग्र वासात तासन्‌तास उभे राहायचो. इथे बाकावर बसून, एका बोटानं काम झालं. मी पट्टी डावीकडे नेली, कुत्रं गेलं. उजवीकडे नेली, आलं. असं कुत्रं आणता-नेता माझी गाडी निघून गेली.

तेव्हापासून मोबाईलमध्ये एकामागून एक ॲप येऊन बसलं. एक नको ती वस्तू पुसतं. त्यानं मी आमच्या गल्लीतला विजेचा खांब पुसून टाकला आणि गल्ली इतकी देखणी दिसायला लागली की दुसऱ्या दिवशी सकाळी तो खांब जागेवर बघून मला खरोखर राग आला. एक ॲप आभाळ बदलतं. एक रंगात ऊब आणतं. त्या उबेसाठी मी ताटातल्या वरणाचा फोटो काढून त्याला पिवळं करत बसतो आणि तोवर खरं वरण थंड होतं. “त्या मोबाईलमधलंच खा आता,” असं म्हणून बायको एकदा ताट उचलून घेऊन गेली. कॅमेऱ्याचं काम ते काम. त्यात नवरीच्या बापाची भीती असते, आतेभाऊ-मामेभाऊ कोणी राहून तर गेले नाहीत ना ही काळजी असते. मोबाईलमध्ये कोणाचीच भीती नाही. चुकलं तर मागे या, पुन्हा करा. चाळीशी उलटून किती वर्षं झाली, पण लहानपणी ओल्या मातीत बैल करायचो, तसं वाटतं.

या चोरीत मी एकदा रंगेहाथ सापडलो. एका लग्नात मांडवाच्या दाराशी वऱ्हाड्यांच्या चपलांचा ढीग पडला होता. त्यात एक लहानशी लाल चप्पल उलटी. गळ्यात तो भला मोठा कॅमेरा लटकत असताना मी उकिडवा बसून मोबाईलनं चपलांचा फोटो घेत होतो, आणि नवरदेवाचे काका मागे येऊन उभे राहिले.

“काऊन हो भाऊ,” ते म्हणाले, “तिकडं हार घालून राह्यले अन् तुम्ही इकडं चपला मोजून राह्यले का?”

मी म्हणालो, उजेड तपासतो आहे. धंद्यात इतकी वर्षं काढल्यावर एवढं तरी खोटं पटकन सुचतं.

तर असा मी, उघड मोबाईलचा वैरी आणि आतून त्याचा भक्त. अशात दिवाळी झाली, गावोगावच्या मंडया, म्हणजे रात्रभर नाटकं चालणाऱ्या जत्रा, भरायला लागल्या, धान कापायला आलं, आणि एका दुपारी स्टुडिओच्या पायऱ्या चढून माझी आत्या आली.

आत्या नदीपलीकडे, गडचिरोलीच्या रस्त्यावरच्या एका गावात राहते. वयानं सत्तरीच्या पुढे. एसटीनं एकटी फिरते आणि कंडक्टरशी भांडून खिडकीची जागा घेते. त्या दिवशी तिच्या डोळ्यांवर मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर देतात तो मोठा काळा गॉगल होता. कपाळावर, गालावर, हनुवटीवर हिरवट गोंदण आणि त्यावर तो गॉगल. मला हसू आलं, ते मी गिळलं.

“माहा फोटू काढ बापू,” खुर्चीत बसता बसता ती म्हणाली. “हार घालाचा.”

“काऊन आत्या? कुठी चालली तू?”

“कुठी नाई चालली. पर मेल्यावर तुम्ही पोरं कार्डावरचा फोटू मोठा करून लावता. थ्या फोटूत मी चोरावानी दिसते.”

हे खरं होतं. आमच्या भागात निम्म्या भिंतींवर अशी घाबरलेली माणसं टांगलेली आहेत, आणि ते फोटो मोठे करणारा मीच. मी कॅमेऱ्याला हात घातला. पण आत्याचं बोलणं संपलेलं नव्हतं. ती मामांवर आली.

मामा म्हणजे आत्याचे यजमान. ते गेले तेव्हा मी पाळण्यात होतो. ऐन तिशीत, हिवतापानं. त्यांचा जगात एकच फोटो आहे. नागभीडकडच्या एका मंडईत, पडद्यावर रंगवलेल्या धबधब्यासमोर उभं राहून काढलेला. मोठ्या कॉलरचा शर्ट, जाड मिशी आणि डोळ्यांवर काळा गॉगल, तोही त्या फोटोवाल्याकडून घटकाभर मागून घेतलेला. पुढच्या पावसाळ्यात मामा गेले आणि तो फोटो भिंतीवर गेला.

“आपरेशन झालं, पट्टी काढली, घरी आली,” आत्या सांगत होती. “पह्यले भितीवर पाह्यलं. अरे, हा तं पोरगा आहे! इतकी वर्सं थो मले धुरकट दिसे. मले वाटे, माह्यासंगच म्हातारा होऊन राह्यला. मंग आरशात पाह्यलं.”

मग खरी गोष्ट बाहेर आली. उन्हाळ्यात घरात आलेल्या नातसुनेनं त्या फोटोकडे बोट दाखवून विचारलं होतं, आजी, हे तुमचे मोठे पोरगे होते का?

“मी मेली का तुम्ही मले त्याच्या बाजूले टांगसान. येनारा-जानारा म्हनन, हे माय-लेक आहेत. मी त्याची माय होऊन तिथी टांगून राहू का? मले जवान कर. मशिनीत होते म्हनते आता.”

मी तिला समजावलं. म्हातारपणाचं तेज असतं, सुरकुत्यांना अर्थ असतो, वगैरे. बैठकीत बोलतो तसं बोललो. आत्या गॉगलआडून माझ्याकडे बघत राहिली. मग मी खिडकीचा मऊ उजेड घेतला, तिला क्षणभर गॉगल काढायला लावला आणि कॅमेऱ्यानं फोटो काढला. चांगला आला हो! इतका चांगला फोटो मी त्या वर्षात काढला नव्हता. कॉम्प्युटरवर मोठा करून मोठ्या ऐटीत तिला दाखवला.

“हे काय काढलं?” आत्या म्हणाली. “धान कापल्यावर बांधीले भेगा पडतेत, तसं.”

मग मी बायकोला चहा ठेवायला आत पाठवलं, स्टुडिओचं दार लोटून घेतलं आणि खिशातून मोबाईल काढला. खरं तर मला हे करून बघायचंच होतं. तरुण करणारं ॲप मी महिनाभर आधी घेऊन ठेवलं होतं आणि त्यावर नाटकांच्या पोस्टरमधले सगळे म्हातारे खलनायक तरुण करून झाले होते. आत्याचा फोटो त्यात घातला, बोट लावलं, आणि पन्नास वर्षं उडाली. गोरीपान, गुळगुळीत, ओठ गुलाबी, केस भुरभुरते. मी स्वतःच्या कामावर खूश होऊन मोबाईल तिच्यापुढे धरला.

“ही कोन बाई?”

“तू.”

आत्यानं मोबाईल डोळ्यांजवळ नेला, लांब नेला. “मी अशी राह्यती तं तुह्या आज्यानं मले नदीपलीकडं कायले देलं असतं? अन् हिनं चिखलात धान कसं लावलं असतं? हिचे हात पाह.” मग एकदम तिचा आवाज बदलला. “माह्यं गोंदन कुठी?”

मी बघितलं. खरंच नव्हतं. कपाळावरचे तीन ठिपके, गालावरचा एक, हनुवटीवरचं लहानसं फूल, सगळं साफ. ॲपला ते डाग वाटले होते आणि त्यानं ते काढून टाकले होते.

“मेल्यावर संग काय येते रे?” आत्या उभी राहिली होती. “सोनं तुम्ही उतरवून घ्याल. लुगडं जळन. येवढं गोंदन संग येते. हे पाहून थो मले ओयखन म्हनून मी बसली आहे, अन् तू थेच पुसलं!”

तिनं गॉगल लावला, पदर सावरला आणि पायऱ्या उतरून स्टँडकडे निघून गेली. मी मागे दोन हाका मारल्या. चहाचे कप घेऊन आलेली बायको रिकाम्या खुर्चीकडे आणि माझ्या हातातल्या मोबाईलकडे बघत म्हणाली, “आत्याबाईंना काय केलं तुम्ही?”

त्या रात्री मला जेवण गेलं नाही. ॲप बनवणाऱ्याला गोंदण म्हणजे काय ते ठाऊक असायचं कारण नाही. मला होतं. आत्याच्या मांडीवर झोपून त्या हनुवटीवरच्या फुलाच्या पाकळ्या मोजत मी लहानाचा मोठा झालो, आणि ते पुसलं गेल्याचं माझ्या लक्षातसुद्धा आलं नाही. इतका मी त्या गुलाबी ओठांवर खूश होतो. स्वतःचीच लाज वाटली. दोन दिवस मी मोबाईलला फोन घेण्यापलीकडे हात लावला नाही, आणि बायकोनं मला ताप तर आला नाही ना, म्हणून कपाळाला हात लावून बघितलं.

तिसऱ्या दिवशी न्हाव्याच्या दुकानात नंबर लागेपर्यंत राहवलं नाही. म्हातारं करणारं ॲप उघडून स्वतःलाच म्हातारं करून बघितलं. घरी येऊन बायकोला दाखवलं. ती म्हणाली, “असे होणार असाल तर आधी सांगायला पाहिजे होतं, मी बाबांना नाही म्हणून सांगितलं असतं.” ती हसत होती, मीही हसत होतो, आणि हसता हसताच मला वाटलं, अरे, आपण भलत्याच माणसाच्या मागे लागलो होतो. आत्याला तरुण करायची काही गरज नाही. मामांना म्हातारं करू!

मोटारसायकल काढली आणि निघालो. वैनगंगेच्या पुलावर फोटोसाठी दोनदाच थांबलो, यावरून मला किती घाई होती ते कळेल.

घरातली सगळी माणसं धानकापणीला गेली होती. आत्या ओसरीत एकटी बसली होती. तिनं माझ्याशी न बोलता पाण्याचा तांब्या पुढे ठेवला. राग असला तरी पाणी द्यायचंच. मी भिंतीवरचा फोटो खाली घेतला, काचेवरची धूळ पुसली आणि उजेडाला धरून मोबाईलवर त्याचा फोटो काढला. तीन वेळा काढला, कारण काचेत माझंच टक्कल दिसत होतं. मग आत्याच्या शेजारी सतरंजीवर बसलो आणि म्हणालो, “हे पाह. मामांचं वय वाढवू.”

त्या ॲपमध्ये वयाची पट्टी आहे. ती सरकवत न्यायची, तसतसा चेहरा वाढत जातो. मी आत्याला बोट लावायला सांगितलं. आयुष्यभर रोवणी-कापणी करून तिचं बोट इतकं टणक झालं आहे की मोबाईलला ते कळेचना. तिनं बोट पदराला पुसलं, ओलं केलं, फुंकर घातली. चौथ्या वेळी पट्टी हलली, आणि मामा पस्तिशीचे झाले.

आत्याचं बोट थांबलं.

“इथी थ्या मोठ्या पुरात धानाची बांधी वाहून गेल्ती,” ती म्हणाली. मग बोट जरासं पुढे सरकलं. मिशीत एक-दोन पांढरे केस आले. “इथी पोरगा शाळेत जाऊन राह्यला होता. जात नोता, मारत नेवा लागे.” आणखी पुढे. गाल खाली आले. “इथी हे घर बांधलं. छपराचे कवेलू मी वाहले डोक्यावर.” आणखी पुढे. “इथी पोराचं लगन.” असं करत करत ती त्या माणसाला एकेक वर्षानं पुढे आणत होती, आणि तो नसताना जे जे झालं ते त्याला सांगत होती. मी हजारो माणसांचे फोटो काढले आहेत, पण एवढ्या लक्षपूर्वक फोटो बघणारं माणूस मला आजवर भेटलं नव्हतं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि मी मोबाईलची काच पुसायचं निमित्त केलं.

पट्टी शेवटाला पोचली. सत्तरीचे मामा आले. आत्यानं त्यांना नीट न्याहाळलं आणि तिचा मूळ स्वभाव जागा झाला.

“हा गोरा काऊन झाला? उन्हात काम केलं नाई का यानं?”

मी दुसऱ्या ॲपमध्ये नेऊन रंग रापवला.

“अन् येवढे केस? यांच्या घरी सारे टकले. सासरा टकला, जेठ टकला. काढ.”

तिसऱ्या ॲपमध्ये टक्कल पाडलं. ते सगळीकडून सारखं पडलं, दाढी करून आल्यासारखं. “कानामागं थोडे राहू दे,” आत्या म्हणाली. कानामागे ठेवले. मिशी पांढरी केली, पण आत्याच्या आग्रहानं जाड ठेवली. मग आली शर्टाची भानगड. सत्तरीच्या म्हाताऱ्याला ती पंख्याएवढी कॉलर काही शोभेना. नवं धड पाहिजे होतं. समोरच्या ओट्यावर शेजारचे म्हातारेबुवा सदरा घालून ऊन खात बसले होते. मी म्हणालो, त्यांचा फोटो काढून त्यांचं धड घेतो, वरती मामांचं डोकं ठेवतो.

“त्याचं धड?” आत्या कडाडली. “थो आमचा बांध कोरते दरवर्सी! त्याच्या धडावर हे डोकं ठेवलं तं दोघाइचं रोज भांडन होईन.”

शेवटी धड माझंच द्यावं लागलं. आतेभावाचा पांढरा सदरा घातला, खांद्यावर दुपट्टा टाकला, भिंतीला टेकून बसलो आणि आत्याकडून फोटो काढून घेतला. पहिल्या चार फोटोंत तिचा अंगठा आला. पाचवा जमला. मामांचं डोकं माझ्या मानेवर बसवलं. “पोट कमी कर,” आत्या म्हणाली, “इतकं कोनं खाऊ घातलं त्याले?” मी माझं पोट पुसून कमी केलं. एवढं सोपं असतं तर!

राहिला गॉगल. मूळ फोटोतच गॉगल असल्यामुळे खाली डोळे कसे होते, हे कोणत्याच ॲपला ठाऊक नव्हतं. मी गॉगल काढायचा प्रयत्न केला, तर ॲपनं आपल्या मनानं दोन निळे डोळे बसवले. आत्या इतकी घाबरली की तिनं मोबाईल सतरंजीवर टाकला. मी घाईघाईनं गॉगल परत आणला. मोठा काळा गॉगल, टक्कल, पांढरी मिशी, सदरा, दुपट्टा. आत्या बघत राहिली. मग तिचे खांदे हलायला लागले. तोंडावर पदर घेऊन ती इतकी हसली की तिला ठसका लागला.

“याचं बी आपरेशन झालं!”

आणि खरंच तसंच दिसत होतं. डोळ्यांच्या शिबिरातून आदल्या दिवशी घरी सोडलेला, टक्कल पडलेला, जरा रागीट म्हातारा.

“माहा फोटू काढ आता,” आत्या म्हणाली. तिनं स्वतःचा गॉगल लावला आणि जिथे मी बसलो होतो तिथेच भिंतीला टेकून बसली. मी मोबाईलवरच काढला. काही उजळवलं नाही, काही पुसलं नाही. गोंदणाच्या जागी बोट फिरवून फक्त तेवढं जरा गडद केलं. उन्हानं ते फिकट झालं होतं.

स्टुडिओत येऊन मी दोघांना एका फोटोत शेजारी शेजारी बसवलं आणि माझ्याच पाटीच्या आड, दार लावून, मोबाईलमधल्या फोटोची मोठी प्रिंट काढली. प्रिंट बाहेर येताना मशीन नेहमीपेक्षा जास्त आवाज करतं आहे असं मला वाटत होतं. बायकोनं फोटो हातात घेतला आणि उजेडाकडे धरून निरखला. मग म्हणाली, “धड ओळखीचं वाटतं.”

चार दिवसांनी फ्रेम घेऊन मी आत्याकडे गेलो. धानकापणी अजून चालूच होती, त्यामुळे घरात तीच होती. सवयीनं मी चंदनी रंगाचा एक प्लास्टिकचा हारही सोबत नेला होता. तो पिशवीतून काढला तर आत्यानं असं बघितलं की मी तो मुकाट्यानं परत ठेवला. जुना, धबधब्यासमोरचा मामांचा फोटो तिनं आपल्या जागी, आपल्या हारासकट राहू दिला. नवा फोटो समोरच्या भिंतीवर, ती जेवायला बसते तिथून दिसेल असा लावायला सांगितला. मी खिळा ठोकला, फ्रेम अडकवली, खाली उतरून सरळ आहे का बघत होतो, तेवढ्यात अंगणात स्कूटी थांबली.

ऑपरेशन झालेल्या माणसांचे डोळे तपासायला एक नर्सबाई आल्या होत्या. नुकत्याच कुठूनतरी बदलून आलेल्या, गावात कोणाला न ओळखणाऱ्या. त्यांनी आत्याला उजेडात बसवलं, डोळे बघितले, औषधाचे थेंब घातले, कागदावर काही लिहिलं. लिहिता लिहिता त्यांची नजर भिंतीवर गेली.

“अरे वा, आजी, दोघांचंही ऑपरेशन झालं का? माझ्या यादीत तर तुमचं एकटीचंच नाव आहे.” त्यांनी कागद उलटसुलट करून बघितला. “आजोबा कुठे आहेत? आलेच आहे तर त्यांचेही डोळे बघून घेते.”

मी तोंड उघडलं. सांगायला पाहिजे होतं. पण आत्यानं माझ्याकडे बघितलं नाही.

“वावरात गेले,” ती म्हणाली.

“वावरात? आजी, अहो कापणीची धूळ डोळ्यांत जाते. इतक्या लवकर नका जाऊ देऊ त्यांना.”

आत्यानं पदरानं डोळ्याखाली ओघळलेलं औषध टिपलं.

“कितीदा सांगतलं बाई,” ती म्हणाली. “आयकतच नाई थे माह्यं.”